'मरीन' म्हणून गळ्यात मारलेला प्लाय: ट्रेलर बांधणाऱ्यांनी सावध राहा

धुळ्यात ८ बाय ४ फुटांच्या लाकडी कॅम्पिंग ट्रेलरसाठी घेतलेला 'मरीन', म्हणजे पाण्यात टिकणारा म्हणून विकलेला प्लाय पहिल्याच पावसाळ्यात सुटला. तळाला १८ एमएमची एक शीट, बाजूंना १२ एमएमच्या दोन, छताला ४ एमएमच्या दोन. पाचही शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का होता. "डोळे झाकून घ्या, शंभर टक्के मरीन," असं विकणारा छातीठोक सांगत होता. तोरणमाळच्या पावसात दोन दिवस उभा राहिल्यावर चाकाजवळचा स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आला, त्याच्या आट्यांत ओला भुसा भरलेला. कड नखाने उचलली, तर थर सुटे.

दुकानदार म्हणतो, कडा नीट सील केल्या नाहीत. कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी (पाणी अडवणारं रेझिन) लावायलाच हवं, हे खरं. पण खऱ्या मरीन प्लायचा गोंद, फिनॉल फॉर्मल्डिहाइड, ७२ तास उकळूनही धरून राहिला पाहिजे, अशी आयएस ७१० ची अटच आहे. इथे आतला माल होता आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, फक्त दमटपणा सोसणारा), म्हणजे युरियाच्या गोंदाचा. घरातल्या कपाटाला तो चालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचं ४५ अंशांचं ऊन आणि लगेच जूनचा पाऊस, हे त्याला झेपत नाही.

लालसर रंगावर तर मुळीच जाऊ नका. ब्लेडने खरवडा, रंग वरवरचा असेल तर खालून पांढरं लाकूड दिसतं. कापलेल्या कडेला फिनॉलच्या रेषा गडद तपकिरी असतात, युरियाच्या फिक्या. पण गोंदातही रंग मिसळतात, म्हणून खात्रीचा उपाय एकच: पैसे देण्याआधी तीन इंचाचा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात उकळा. एमआरचे थर बहुतेकदा एक-दोन तासांतच सुटू लागतात. तुकडा द्यायला कां कूं करणाऱ्याकडून माल घेऊच नये.

शिक्क्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. जाडी चारही कडांना व्हर्नियरने (जाडी मोजायच्या कॅलिपरने) मोजा. शीटवर टिचकी मारून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐका, तिथे आत गॅप असतो आणि स्क्रू धरत नाही.

कच्च्या पावतीवर नुसतं 'प्लाय ५ नग' लिहून देतात, ते चालवून घेऊ नका. पक्क्या बिलावर आयएस ७१०, कंपनी आणि जाडी लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची वेळ आली, तर ते बिल, शिक्क्याचा फोटो आणि उरलेला तुकडा हाताशी हवा.