बाकं, सुटी टेबलं की चाकांची टेबलं?

वर्गाचं फर्निचर बदलायचं ठरलं की आधी कॅटलॉग उघडतो आणि चर्चा रंगांवर जाते. त्याआधी एकच प्रश्न विचारा: तासाच्या मध्येच मांडणी बदलायची झाली, तर ती कोण बदलणार आणि किती वेळात? ४० मिनिटांच्या तासात हलवायला ४ आणि परत लावायला ४ मिनिटं गेली, तर तासाचा पाचवा हिस्सा ओढाओढीतच संपला. मग पंधरा दिवसांत शिक्षक तो नाद सोडतात आणि नवंकोरं फर्निचर जुन्यासारखंच रांगेत उभं राहतं.

बाकांच्या रांगा लगेच मोडीत काढू नका. कमी जागेत जास्त मुलं बसतात, बाक वर्षानुवर्षं टिकतो, आणि एकट्याने करायच्या कामाला रांग चांगलीच असते. आसनरचनेवरच्या संशोधनाचा एक आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही स्वतंत्र कामाच्या वेळी मुलांचं लक्ष रांगांमध्ये जास्त टिकतं, असंच दिसलं. अडचण येते ती बोलून, जोडीने करायच्या कामात. मागच्या बाकाकडे वळलेलं मूल मान मुरडून बोलतं, वही मांडीवर येते आणि पेन्सिल खाली पडते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९९ साली एक अनुभव सांगितला होता. शाळेसाठी टेबलं शोधत ते दुकानं पालथी घालत होते. शेवटी एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला मुलांनी काम करण्याजोगं काहीतरी हवंय, आणि ही सगळी ऐकण्यासाठी आहेत. बाकांचं वर्णन याहून नेमकं मी तरी ऐकलेलं नाही.

सुटी, हलकी टेबलं हा माझ्या मते बहुतेक शाळांसाठी योग्य पर्याय. पण आकार बघून घ्या. १२० बाय ६० सेंटीमीटरचं दोघांचं टेबल असेल, तर अशी दोन लांब बाजूंनी जोडली की बरोबर चौरस होतो आणि चौघं समोरासमोर बसतात. ओढून वेगळी केली की पुन्हा रांग. समलंब टेबलं दोन जोडली की षटकोन होतो, दिसायला छान. रांगेत मात्र तिरक्या बाजूंमुळे मधे फटी राहतात. गोल टेबल वर्गात आणूच नये. ते दुसऱ्याला जोडता येत नाही आणि वह्यांना सरळ कड मिळत नाही.

वजनाची परीक्षा दुकानातच घ्या. ज्या वयाच्या मुलांसाठी टेबल आहे, त्या वयाच्या दोघांना ते उचलून चार पावलं चालायला सांगा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये 'बालगृह' ही लहान मुलांची शाळा सुरू केली तेव्हा तिथलं सामान मुलांच्या मापाचं आणि त्यांना स्वतः हलवता येईल इतकं हलकं ठेवण्यावर भर होता. मोठ्यांनी हलवायचं असेल तर तो बदल मुलांचा उरत नाही. पायांना रबरी टोप्याही हव्यातच, नाहीतर खालच्या मजल्यावरचा वर्ग भांडायला येईल.

चाकांची टेबलं झटपट फिरतात, हे खरं. पण जागेवर थांबवायला चाकांना ब्रेक लावावा लागतो, आणि ४० मुलांतली निदान ५ तरी तो लावायला विसरतात. लिहिताना टेबल हळूच पुढे सरकतं, अक्षर वाकडं होतं, शेजारी हसतो. खुर्च्यांना चाकं तर मुळीच नकोत, निदान लहान मुलांच्या वर्गात. चाकं हवीतच असतील, तर ती पुस्तकांच्या रॅकला आणि फिरत्या फळ्याला लावा. त्या दोन वस्तूंनी खोली जितकी बदलते तितकी टेबलांनीही बदलत नाही.

एकाच मोठ्या खोलीत वाचनकोपरा, प्रयोगाची जागा, गटाची जागा असे विभाग करायचे असतील, तर आधी आवाजाचा विचार करा. अमेरिका-ब्रिटनमध्ये १९६०–७०च्या दशकांत भिंती नसलेल्या शाळा बांधल्या गेल्या. गोंगाटाला कंटाळून अनेक ठिकाणी पुढे पडदे आणि भिंती परत आल्या. रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा, असं अमेरिकेतलं वर्गांच्या ध्वनीसंबंधीचं मानक सांगतं. पंख्याच्या घरघरीतच तो ओलांडला जात असेल, तर दोन गट एकावेळी बोलले की तिसऱ्याला काही ऐकू येत नाही.

बजेट अपुरं असेल तर मी फर्निचर मागे ठेवीन. ब्रिटनमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने १५३ वर्गांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष मांडले. मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीतल्या फरकापैकी १६ टक्के फरक वर्गाच्या भौतिक रचनेशी जोडलेला दिसला, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवेचा होता. लवचीकता आणि 'हा वर्ग आपला' ही भावना यांचा वाटा त्याच्या निम्मा, म्हणजे तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण न उघडणारी खिडकी आधी दुरुस्त करा.

टेबलं घ्यायचीच ठरली, तर पहिल्यांदा एकाच वर्गापुरती घ्या. जमिनीवर रंगीत टेपने दोन मांडण्यांच्या खुणा करा, लालवर रांग, निळ्यावर गट. दप्तरांसाठी भिंतीला खुंट्या ठोका, कारण टेबल सरकवताना सगळ्यात जास्त अडतं ते पायाशी पडलेलं दप्तर. मग घड्याळ लावून मुलांना बदलायला सांगा. दीड मिनिटात झालं, तर बाकीच्या वर्गांची ऑर्डर द्या.