पन्नाशीतली अक्कलदाढ: काढायची की राहू द्यायची?

अक्कलदाढ काढायची का, हे ठरवताना मी आधी तिच्या शेजारच्या सातव्या दाढेकडे (म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मोजलं तर सातवा दात) बघायला सांगेन. चावण्याचं खरं काम ती करते, आणि पन्नाशीनंतर ती गेली तर भरपाई महागात पडते.

विशीत मुळं पुरती वाढलेली नसतात, हाडही लवचीक असतं. पन्नाशीत हाड कडक होतं, जखम सावकाश भरते आणि खालच्या दाढेजवळून जाणाऱ्या नसेला धक्का लागून ओठ-हनुवटी बधिर होण्याचा धोका वाढतो. म्हणून हाडात पूर्ण गाडलेली, न दुखणारी, एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसणारी दाढ ‘पुढे त्रास देईल’ या भीतीने काढू नये. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० सालीच निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नयेत असं सांगितलं. मात्र ठेवायची म्हणजे विसरायची नाही. अधूनमधून तपासणी हवीच.

अर्धवट वर आलेल्या, आडव्या दाढेची गोष्ट वेगळी. हिरडीखाली अन्न अडकतं, वरचेवर सूज येते, आणि सातवी दाढ मागच्या बाजूने किडू लागते. ही कीड आरशात दिसत नाही, एक्स-रेमध्येच कळते. दर वेळी अँटिबायोटिक घेऊन दिवस ढकलणारी माणसं पाहिली की जीव तुटतो, कारण साठीत हीच शस्त्रक्रिया आणखी जड जाते. अशी दाढ आताच काढावी.

वरची, सरळ आलेली दाढ सहसा लवकर निघते. खालची आडवी मात्र ओरल सर्जनकडेच न्या. मुळं नसेला चिकटून दिसली तर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करतात. कधी मुळं तशीच ठेवून फक्त वरचा भाग कापतात. हा पर्याय स्वतःहून विचारा.

हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, तर ते आधी सांगा. जबड्याची जखम न भरण्याचा धोका त्यात असतो. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखर आटोक्यात आणा.

तंबाखू खाणाऱ्यांनी निदान जखम भरेपर्यंत तरी ती सोडाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी कानापर्यंत ठणकायला लागलं, तर खाचेतली रक्ताची गुठळी निघून गेलेली असू शकते. तेव्हा घरी लवंग चघळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.