दहा घरांतली चांगली पाच : स्मिथ अँड वेसन ६१७

अमेरिकेत बुल्सआय या लक्ष्यभेदी पिस्तूल स्पर्धेच्या .२२ फेरीत आज बहुतेक जण सेमी-ऑटो पिस्तुलंच घेऊन उतरतात. २५ यार्डांवरच्या रॅपिड फायरला १० सेकंदांत ५ गोळ्या सोडायच्या म्हटल्यावर रिव्हॉल्व्हर मागे पडणारच. तरीही स्मिथ अँड वेसनचं ६१७ हे .२२ रिव्हॉल्व्हर विकत घ्यावं असं आमचं मत आहे. पण ते खोक्यातून काढून तसंच स्पर्धेला नेऊ नये.

१९३० च्या दशकातल्या के-२२ या त्याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा हा स्टेनलेस स्टीलचा वारस १९९० च्या सुमारास आला. सुरुवातीला त्याच्या सिलिंडरला ६ घरं, म्हणजे काडतुसं बसायची भोकं, होती, आता १० असतात. नळी ४ इंची किंवा ६ इंची मिळते. स्पर्धेसाठी ६ इंचीच घ्यावी. तिचं वजन सव्वा किलोच्या आसपास आहे आणि नळीखालचं कवच टोकापर्यंत भरीव असल्यामुळे हात पुढच्या बाजूने स्थिर राहतो. मनगट कच्चं असेल, तर ५० यार्डांच्या स्लो फायरला, म्हणजे १० मिनिटांत १० गोळ्यांना, हेच वजन शेवटी शेवटी नडतं.

खरी मेख आहे रिमफायर काडतुसात. याला मध्यभागी टोपी नसते. पेटणारा मसाला पितळी कडेच्या आतल्या पोकळीत असतो. घोड्याच्या फटक्याने ती कड घराच्या धारेवर चेपली, तरच तो पेटतो. काडतूस घरात पूर्ण टेकलेलं नसेल, तर पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. म्हणून पहिल्यांदा न उडालेलं काडतूस त्याच घरात दुसऱ्या फटक्याला उडालं, तर आधी स्प्रिंगला दोष देऊ नका, घर तपासा. .२२ रिव्हॉल्व्हरची घरं मुळातच घट्ट असतात. त्यात मेण, काजळी आणि शिसं साचलं की शेवटची दोन-तीन काडतुसं अंगठ्याने दाबावी लागतात आणि रिकामी पितळंही अडकतात. ५०-६० गोळ्यांनंतर प्रत्येक घरातून पितळी ब्रश फिरवायचा, आणि भरून झाल्यावर सगळ्या कडांवरून बोट फिरवून एखादी वर तर आली नाही ना, ते बघायचं. फिनिशिंग रीमरने घरं किंचित मोकळीही करता येतात, पण एकदा काढलेलं स्टील परत येत नाही. हे काम जाणत्या गनस्मिथकडेच द्यावं.

चाप हलका करण्याच्या नादात सर्वांत जास्त नुकसान मुठीच्या पुढच्या कडेला असलेल्या, घोड्याच्या स्प्रिंगला ताण देणाऱ्या स्ट्रेन स्क्रूमुळे होतं. तो अर्धा आटा सैल केला की चाप लगेच मऊ लागतो आणि लोक खूश होतात. प्रत्यक्षात त्यांनी घोड्याचाच फटका कमी केलेला असतो. .३८ मध्ये हे एक वेळ खपतं, रिमफायरमध्ये नाही. हा स्क्रू पूर्ण आवळलेलाच ठेवा. हलकेपणा हवा असेल, तर चापाला परत पुढे ढकलणारी रिबाउंड स्प्रिंग बदला. मूळची साधारण १८ पौंडांची असते. १५ ची बसवली की डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे चापानेच घोडा चढवून पाडताना, फरक जाणवतो आणि घोड्याच्या फटक्याला धक्का लागत नाही. १४ च्या खाली जाऊ नये. चाप परत यायला आळस करू लागतो आणि रॅपिड फायरमध्ये बोट चापाच्या पुढे धावतं.

उघडण्याआधी सगळी घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. पेचकस हॉलो-ग्राउंड पात्याचाच, म्हणजे टोकाशी पात्याच्या बाजू समांतर असलेला हवा, घरातल्या साध्या पेचकसाने स्क्रूची डोकी बिघडतात. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत गेला पाहिजे. सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो तो योक धरून ठेवणारा पुढचा स्क्रू खास तिथेच बसणारा असतो. बाजूची पट्टी खुपसून उचकटायची नाही. मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की ती आपोआप वर येते. रिबाउंड स्प्रिंग ज्यात बसते ती रिबाउंड स्लाइड काढताना त्यावर कापड धरा, आतली स्प्रिंग खोलीभर उडते. स्लाइडचा तळ आणि बाजू बारीक दगडावर चार-सहा वेळा घासून फक्त खरबरीतपणा घालवायचा. घोडा अंगठ्याने चढवल्यावर तो ज्या खाचेत अडकतो, त्या सिंगल ॲक्शनच्या खाचेला हात लावू नका. तिथला कठीण थर पातळ असतो, तो गेला की घोडा टिकत नाही, आणि मग प्रश्न गुणांचा नसून सुरक्षेचा होतो. शिवाय .२२ साठी नियमाने चाप किमान २ पौंडांचा लागतो, तेव्हा फार खाली जाण्यात अर्थही नाही.

कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या घरावर घोडा पाडणं, इथे टाळावं. काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन घराच्या धारेवर आदळून खळगा पाडते. डमी काडतुसं वापरा. भिंतीच्या स्क्रूसाठी मिळणारे योग्य मापाचे पिवळे प्लॅस्टिक अँकरही चालतात, आणि ते मूठभर स्वस्तात येतात.

आता नेम जुळवणं. आधी गोळ्या ठरवा. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या तीन-चार प्रकारांचे डबे घ्या. सीसीआय स्टँडर्ड हा ४० ग्रेन वजनाच्या गोळीचा चांगला आरंभबिंदू आहे. डब्यावरचे सेकंदाला १०७० फूट हे लांब नळीचे असतात, ६ इंचांतून वेग बराच कमी मिळतो. प्रकार बदलला की पहिल्या २०-२५ गोळ्या मोजू नका, नळीत नव्या मेणाचा थर बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. टेकू वाळूच्या पिशवीचा, हातांखाली किंवा फ्रेमखाली. नळी कठीण वस्तूवर टेकवली की गोळ्या भलतीकडे जातात.

मग सिलिंडरवर घरांना १ ते १० क्रमांक द्या. मार्करची शाई सॉल्व्हंटने पुसली जाते, नखपॉलिशचा ठिपका टिकतो. २५ यार्डांवर प्रत्येक घरातून ५ गोळ्या, प्रत्येक घराला वेगळा कागद. ५० चा एक डबा बरोबर संपतो. पाच गोळ्यांवरून निकाल द्यायचा नसतो, म्हणून दुसरा डबाही तसाच वापरा. २५ यार्डांच्या बी-८ लक्ष्याचं १० चं वर्तुळ ३.३६ इंच आणि एक्स वर्तुळ सुमारे १.७ इंच असतं. एक्समध्ये मावणारं घर चांगलं. एखाद-दुसरं घर दर वेळी त्याच बाजूला सरकतं, ते हेरायचं. टाइम्ड आणि रॅपिड या ठरावीक सेकंदांच्या फेऱ्यांत एका वेळी पाचच गोळ्या लागतात, मग दहापैकी सलग पाच चांगली घरं शोधून तेवढीच भरा. ६ घरांच्या जुन्या मॉडेलला ही चैन नाही. सिलिंडर मागून पाहता डावीकडे फिरतो, म्हणून बंद करताना पहिलं भरलेलं घर वरच्या घराच्या लगेच उजवीकडे ठेवायचं. आणि गोळ्या मोजा, सहाव्यांदा चाप ओढला की घोडा रिकाम्या घरावर पडतो.

साइटचं गणित सोपं आहे. मागची साइट जितकी हलवाल, त्याला लक्ष्याच्या अंतराने गुणून दोन साइटांमधल्या अंतराने भागा. साइटांमध्ये १९० मिमी असतील, तर २५ यार्डांवर ०.१ मिमी हलवल्याने गोळी १२ मिमी सरकते. मागची साइट गोळी न्यायची त्या दिशेला हलवायची. स्क्रूमध्ये थोडा मोकळा खेळ असतो, म्हणून शेवटचा क्लिक नेहमी एकाच दिशेने द्यावा. मग ५० यार्डांसाठी किती क्लिक लागतात ते नोंदवून ठेवा, दर वेळी अंदाज नको. पुढची साइट काजळीने काळी करा. स्टेनलेसवरून येणारी चमक उन्हात दगा देते.

फ्रेमला वर भोकं असतात, त्यामुळे लाल ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट बसवता येते. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाइट लावा. काही माउंटमुळे अंगठ्याने घोडा चढवायला जागा उरत नाही, हे खरेदीआधीच पाहा.

रुगरचं .२२ जीपी१०० हा पर्याय मजबूत आहे, तेही १० घरांचं. पण त्याची नळी साडेपाच इंची आणि डबल ॲक्शन जड. स्पर्धेसाठी आमची पसंती ६१७ लाच. भारतातल्या २५ मीटर प्रकारात सेमी-ऑटोचंच राज्य आहे. जकार्ता २०१८ मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचा तो प्रकार. त्यामुळे हा लेख मुख्यतः अमेरिकेतल्या क्लबांत जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

जुनं ६१७ घेताना टॉर्च लावून प्रत्येक घराच्या मागच्या धारेवर पिनचा खळगा पाहा. खळगा असला की काडतूस आत जाताना तिथेच घासतं. खळग्यामुळे घरात सरकलेला धातूचा फुगवटा लहान असेल तर चेंबर आयर्निंग टूलने तो सपाट होतो, मोठा असेल तर किंमत पाडून मागा. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. ०.००५ ते ०.००६ इंच उत्तम, ०.०१० च्या पुढे असेल तर सोडून द्या.