कमिशन टॅक्सवरसुद्धा! जुन्या लेन्स लिलावात विकण्याचा वर्षभराचा अनुभव

परवा एका लेन्सचा वाद माझ्या बाजूने मिटला, अडकलेले पैसे सुटले, म्हणून लिहितोय. मी न्यू जर्सीत असतो. मिररलेस कॅमेरा घेतल्यावर पडून राहिलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स वर्षभरात एकेक करून ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकायला काढल्या.

आधी साइटचं कमिशन. तेरा टक्के घ्या, तक्रार नाही. पण कशावर घेता? लेन्स १०० डॉलरला गेली, पोस्टेज १५, आणि गिऱ्हाईक इथलंच असेल तर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे आणखी साडेसात. हा टॅक्स साइटच वसूल करते आणि परस्पर सरकारला भरते. माझ्या हातात त्यातला एक सेंट येत नाही. तरी कमिशन सगळ्या १२२ डॉलरवर! पोस्टेज आणि टॅक्सवरच्या कमिशनचे जवळपास तीन डॉलर हकनाक गेले. चाळीसला जाणाऱ्या, कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्समध्ये मग उरतं काय? ती लिलावात टाकूच नका, ओळखीत देऊन टाका.

बोली ९९ सेंटपासून लावावी, गर्दी आपोआप जमते, असं माझं मत होतं. आता नाही. भाव दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जेमतेम एक पायरी वर थांबतो. एकाने कितीही मोठा आकडा टाकून ठेवला तरी टक्कर द्यायला दुसरा हवाच. निकॉनच्या निक्कॉर ५० एमएम १.८ डी लेन्सचा भाव सगळ्यांना पाठ असतो, ती ठरलेल्या किमतीला लावावी. सुपर-टाकुमार ५० एमएम १.४ ही जुनी लेन्स मात्र लिलावातच. काचेतल्या थोरियम या किरणोत्सारी धातूमुळे ती पिवळी पडलेली; पांढऱ्या कागदावर धरून तसाच फोटो टाकला, स्पष्ट लिहिलंही. शेवटच्या दहा सेकंदांत दोघं असे भिडले की माझ्या ऑटोफोकस झूमपेक्षा तिचे जास्त आले! जाणकारांना माहीत असतं, काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

आता तो वाद. ८५ एमएम घेणारा म्हणाला, आत बुरशी आहे. लिस्टिंगवर ‘रिटर्न नाही’ लिहिलेलं असलं तरी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार आली की ते चालत नाही. मी प्रत्येक लेन्सची मागची कॅप काढतो, अ‍ॅपर्चर (आतली उघडझाप होणारी पाती) पूर्ण उघडतो, मागून मोबाइलचा टॉर्च मारतो आणि समोरून किंचित तिरका फोटो काढतो. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लगेच उठून दिसतात. त्याच फोटोत सीरियल नंबरही घेतो. त्याने पुरावा म्हणून पाठवलेल्या फोटोत शेवटचे तीन आकडे वेगळे होते. लेन्सच दुसरी! साइटकडून आधी तीच ती छापील उत्तरं आली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, फोनवर माणूस मिळेपर्यंत लावून धरलं, तेव्हा कुठे निकाल लागला.

आता १३५ एमएम उरली आहे. लिलाव रविवारी रात्री आठला संपेल असा लावतोय. तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच असतात, दोन्हीकडचे लोक जागे. सुरुवातीच्या बोलीत ते तीन डॉलर आधीच धरलेत.