लिंक रॉडचा जाम नट: ब्रेकर बार, टॉर्च आणि नट स्प्लिटर काही महिने वापरल्यावर

किनारपट्टीवरच्या गाडीखाली हात घातला की बहुतेक वेळा आधी अडतो तो स्टॅबिलायझर लिंकचा, म्हणजे लिंक रॉडचा नट. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारा हा छोटा दांडा. खारी हवा, कोकणातला पाऊस आणि चाकानं उडवलेला चिखल, तिन्हीचा मारा थेट त्या उघड्या आट्यांवर होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आणि स्टडमधली (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यामधली) बारीक फट भरून जाते आणि दोन्ही एकमेकांना आवळून धरतात. रॉड बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम, पण नट अडला तर अख्खी दुपार जाते.

पावसाळ्याआधीपासून या कामासाठी 600 मिमीचा ब्रेकर बार (सॉकेट फिरवायचा लांब दांडा), सहा कोनी सॉकेट, 220 ग्रॅमच्या ब्युटेनच्या डब्यावर बसणारा ज्योतीचा टॉर्च आणि नट फोडणारा चार मापांचा नट स्प्लिटर संच वापरात आहे. स्पष्ट सांगायचं तर लिंक रॉडसाठी यातला सर्वात कमी उपयोगाचा आहे ब्रेकर बार.

M10 म्हणजे 10 मिमी जाडीच्या, 8.8 या ताकदीच्या दर्जाच्या बोल्टला कसायला साधारण 45 ते 50 न्यूटन-मीटर पुरतात. 600 मिमीच्या दांड्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला की जवळपास 118 न्यूटन-मीटर होतात. एवढ्यात नट सुटण्याआधी स्टड पिळून तुटू शकतो. चाकाच्या नटांना हा बार उत्तम आहे, तिथे स्टड जाड असतो. लिंक रॉडला मात्र रोजचा रॅचेट किंवा रिंग पाना पुरतो. सॉकेट सहा कोनीच घ्या. बारा कोनी सॉकेट नटाच्या कोपऱ्यांजवळ जोर देतो, आणि गंजानं खाल्लेले कोपरे गोल व्हायला वेळ लागत नाही.

या नटाची खरी अडचण अशी की नटाबरोबर रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे स्टड ज्याला जोडलेला असतो तो गोल सांधाही फिरायला लागतो. तो धरायला स्टडच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, बहुतेक 5 किंवा 6 मिमीचं. ते चिखलानं गच्च भरलेलं असतं. सुईनं किंवा बारीक खिळ्यानं तळापर्यंत कोरून काढा आणि मग बिट हातोडीनं ठोकून बसवा. वरवर बसवलेला बिट भोक गोल करतो, आणि मग धरायला काहीच उरत नाही. तसं झालंच तर सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट कापून त्यामागचा पिन व्हाइस ग्रिपनं (आवळून लॉक होणाऱ्या पकडीनं) पकडा. रॉड बदलायचाच आहे, बूटाची फिकीर नको.

पाना लावण्याआधी नटाबाहेरचे आटे वायर ब्रशनं लोखंड दिसेपर्यंत घासा. नट सुरुवातीला हलतो आणि मध्येच पुन्हा अडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच न घासलेले आटे असतात. गाडीखाली उताणं पडून काम करताना दिशाही फसवते. नटाच्या तोंडाकडून पाहिलं की तो घड्याळाच्या उलट सुटतो, हे आधी मनात पक्कं करा.

भेदक तेलाबद्दल, म्हणजे गंजात झिरपून नट सोडवणाऱ्या पेनिट्रंटबद्दल, बराच गैरसमज आहे. साधा डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. गंज सोडवायला त्याच कंपनीचा वेगळा स्प्रे आहे, तो किंवा दुसरा कुठलाही खास पेनिट्रंट घ्या. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं हे घरगुती मिश्रणही चालतं, पण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवूनच टाकायचं. त्याच्या जवळ ज्योत नको. कुठलंही तेल असो, आदल्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा टाका. प्रत्येक वेळी नटाच्या कडेवर हातोडीनं पाच-सहा छोटे ठोके द्या. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यातून आत जातं. मग नट आधी किंचित कसायच्या दिशेला हलवून पाहा. तो सुटला की पाव फेरी बाहेर, थोडा आत, पुन्हा तेल. एका दमात ओढू नका.

टॉर्चचं काम दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. नट स्टडपेक्षा 250 अंशांनी गरम झाला तर 10 मिमीच्या व्यासाला जेमतेम 0.03 मिमी फट मिळते. पण गंजाची पकड मोडायला तेवढी बस होते. ज्योत नटावर ठेवा, स्टडवर नको. घासलेल्या पोलादावर निळसर झाक आली की सुमारे 300 अंश झाले, लाल करायची गरज नाही. गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत शिरतं. हा जुना उपाय मला तेलापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. हा छोटा टॉर्च M8-M10 ला पुरतो. सस्पेन्शनच्या जाड आर्मवरचा मोठा नट त्याला तापत नाही, कारण आर्मच सगळी उष्णता ओढून घेतो.

ज्योत लावण्याआधी तेल पुसून काढा. ब्रेक क्लीनर मारला असेल तर टॉर्च लावूच नका, क्लोरीन असलेला क्लीनर तापला की विषारी वायू होतो. ब्रेकची होज, सीव्ही बूट (ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) आणि शॉकॲब्जॉर्बरची नळी यांच्याकडे ज्योत वळता कामा नये. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला असेल तर नायलॉन वितळतो, तो नट पुन्हा वापरायचा नाही.

आणि आता स्प्लिटर. पैसे खऱ्या अर्थानं वसूल झाले ते याच्यात. चार मापांत मिळून 9 ते 27 मिमीचे नट बसतात. रिंग नटावर चढवायची, छिन्नीची धार नटाच्या सपाट बाजूवर आणायची, कोपऱ्यावर अजिबात नाही. कोपऱ्यावर धार घसरते आणि तुटते. मागच्या स्क्रूला ग्रीस लावा. अर्धी फेरी, थोडं थांबणं, पुन्हा अर्धी फेरी. नट फाटताना टक् असा आवाज येतो, तिथेच थांबा, नाहीतर धार आट्यांत जाते. एवढ्यानं नट सैल झाला नाही तर स्प्लिटर 180 अंश फिरवून दुसरी बाजू फोडा. चष्मा लावल्याशिवाय हे काम करायचं नाही, तुकडा उडतो.

त्याच्या उणिवाही कळल्या. कडक दर्जाच्या, म्हणजे 10 आकडा असलेल्या नटावर धार बोथट होते. फ्लँज नटाची खालची पसरट कडा फुटत नाही, ती छिन्नीनं वेगळी तोडावी लागते. सर्वांत लहान मापाच्या रिंगचं तोंड जास्त जोर दिल्यावर किंचित उघडलं आहे. आणि रिंगला नटाभोवती जागा लागते, त्यामुळे खोलगट जागेतल्या नटाला हा संच निरुपयोगी. तिथे 100 मिमीचा ग्राइंडर आणि 1 मिमीची कटिंग डिस्क घेऊन स्टडच कापा, नवीन रॉडबरोबर स्टड येतोच. ठिणग्या काचेवर गेल्या तर डाग कायमचे राहतात, ओलं गोणपाट आडवं लावा.

नवीन रॉड बसवताना पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली ठेवा. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार पिळलेला राहतो आणि स्टड भोकात सरळ बसत नाही. नट नेहमी नवा लावा. आट्यांवर अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारं वंगण) लावलं असेल तर टॉर्क पाना कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडा कमी लावा, कारण वंगणामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. चाकाच्या स्टडना मात्र ते अजिबात लावू नका. उघड्या राहिलेल्या आट्यांवर जाड ग्रीस थापा आणि ॲलन कीचं भोकही ग्रीसनं भरून टाका.