मनगट सुटतं का? वीस महिने, चार क्लास आणि एक भाचा

कराटेचा पिवळा पट्टा मिळाला त्याच्या तिसऱ्या दिवशी भाच्याने स्वयंपाकघरात माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "मावशी, सोडव बघू." नाही सुटलं. डाव कढीत पडला, कढी ओट्यावर सांडली, तरी सुटलं नाही. भाचा अकरावीतला, साठ किलोचाही नसेल, व्यायाम म्हणाल तर मोबाईलवर अंगठा चालवणं एवढाच. सात महिने, महिना बाराशे रुपये फी, वर परीक्षेचे नऊशे आणि गणवेशाचे चौदाशे. हिशोब तिथेच डोक्यात सुरू झाला आणि तो अजून थांबलेला नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे एकच कसोटी आहे. क्लास कुठलाही असो, देश कुठलाही असो, भाच्याने धरलेलं मनगट सुटतं का? ही कसोटी फार संकुचित आहे असं नवऱ्याचं म्हणणं आहे. असेल. पण बायकांचं मनगटच धरतात हो. बसमध्ये, भांडणात, जिन्यात. कुणी समोर उभं राहून कंबरेवरून सरळ ठोसा घालत येत नाही.

आमची कराटेची शैली शोतोकान. ती शिकलेल्यांना हेआन शोदान सांगायला नको. पहिलाच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, त्यातली चौथी हालचाल: पुढचा पाय मागे ओढायचा, हात गोल फिरवून वर आणायचा आणि मूठ हातोडीसारखी खाली आणायची. ही मनगट सोडवण्याची युक्ती, असं आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ती शेकडो वेळा केली असेल. हवेत. जोडीने करायची तेव्हा समोरची बाई माझं मनगट धरायची ते देवळातल्या घंटेची दोरी धरल्यासारखं, आणि मी हात फिरवला की स्वतःच सोडून द्यायची. मीही तिचं तसंच सोडायचे. सौजन्य! सात महिने आम्ही एकमेकींना सौजन्य शिकवलं.

सरांना कढीचा किस्सा सांगितला तर म्हणाले, "अजून पट्टे आहेत पुढे." पुढे म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे फी. परीक्षेला न बसणाऱ्यांनी त्या महिन्यात वर्गाला यायचं नाही, पण महिन्याची फी मात्र द्यायची, असा नियम त्याच वेळी कळला. मी भांडले. उरलेल्या दहा दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा मी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना सांगत सुटले होते की कराटे म्हणजे ओळीत उभं राहून केलेली कवायत. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला ते गिळावं लागणार आहे.)

नंतर क्राव मागा या स्वसंरक्षणाच्या पद्धतीचं दोन दिवसांचं शिबिर केलं. साडेतीन हजार, त्यात दोन वेळचा चहा आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलेलं आहे, आणि ते दुरुस्त करून हवं असेल तर "लेव्हल दोनला या, तेव्हा नवीनच मिळेल" असं उत्तर मिळालं. पण राग बाजूला ठेवते. ही पद्धत उभी केली इमी लिख्टेनफेल्ड या माणसाने. तो स्वतः कुस्तीगीर आणि बॉक्सर. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा त्याला कळलं की आखाड्यातला खेळ आणि रस्त्यावरची मारामारी वेगळी. पुढे त्याने इस्रायलच्या सैनिकांना शिकवलं. त्यामुळे विचार सरळ आहे: ओरडा, जिथे दुखेल तिथे मारा, पळा. ओरडण्याचा सराव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे केला. चाळीस बायका एका हॉलमध्ये पोटातून "हात सोड" म्हणून ओरडत होत्या, आणि निम्म्यांचा आवाजच फुटत नव्हता. माझाही नाही. त्या एका तासाचे साडेतीन हजार वसूल झाले असं आज म्हणते. तेव्हा म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर भाचा हात पुढे करून तयारच. आता काय करणार? जांघेत गुडघा, डोळ्यांत बोटं. बहिणीच्या पोराला? त्याने धरलं, मी खोटं खोटं मारल्यासारखं केलं, त्याने खोटं खोटं कळवळल्यासारखं केलं आणि मनगट त्याच्या हातातच राहिलं.

कोल्हापूरला गेले तेव्हा आबांना सांगितलं. आबा तालमीतले. वय झालं तरी तांबड्या मातीचा विषय निघाला की खुर्चीत ताठ होतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समोरचा जोर लावतोय का पर?"

"नाही लावत, आबा."

"मग ते कसलं शिकणं? टांग लावायला शिकायचं म्हंजे रोज पाच-पन्नासदा टांगेवर पडाय लागतंय. न पडता वस्ताद झालेला बघितलाय का तू?"

तालमीतला डाव एकेरी पट असो, ढाक असो की कलाजंग, समोरचा तो लागू देत नाही म्हणूनच तो शिकता येतो. ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोने १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा काढली तेव्हा हेच केलं. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतले हाडं मोडणारे प्रकार खुल्या सरावातून बाजूला काढले आणि जे उरले ते पूर्ण जोराने एकमेकांवर करायला लावले. ऐकायला उलटं वाटतं, पण जीवघेणा डाव हवेतच राहतो आणि साधा डाव अंगात मुरतो. आबांना कानो माहीत नाही. त्यांना माती माहीत आहे.

"मग मला लहानपणी तालमीत का नाही नेलंत?" असं मी विचारलं. आबा पानाचा डबा शोधू लागले. आमच्या वेळी मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. २०२३ मध्ये सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी जिंकली, तेव्हा आबा टीव्हीसमोरून हलले नव्हते असं आईने नंतर सांगितलं. पट्टा फिरवणाऱ्यांचंही त्यांना फार कौतुक. पण दांडपट्टा घेऊन पुण्याच्या बसमध्ये कसं चढायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही.

पुण्यात मातीचा आखाडा माझ्या वयाला आणि वेळेला जमेना, म्हणून ब्राझिलियन जिउजित्सू. ज्युडोचीच ही शाखा, मित्सुयो माएदा या जपानी पहिलवानाकडून ब्राझीलच्या ग्रेसी कुटुंबाकडे गेलेली. १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि सडसडीत रॉयस ग्रेसीने आडदांड माणसांना जमिनीवर नेऊन हरवलं, तेव्हापासून जगभर याचं पेव फुटलं. महिना तीन हजार. गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, साडेपाच हजार! शाळेच्या तीन वर्षांच्या गणवेशाचे पैसे एका जाकिटात.

पहिल्या दिवशी एका इंजिनिअरिंगच्या मुलीने मला अकरा वेळा थाप मारायला लावली. थाप म्हणजे "सोड, हरले". ती माझ्याहून दहा किलोने हलकी. पाच मिनिटांच्या एका फेरीत मला कळलं की समोरचा खरोखर धरतो तेव्हा श्वास कुठे जातो. इथे कुणी सौजन्य दाखवत नाही. मनगट सोडवताना दुसऱ्या हाताने आपलीच मूठ पकडायची, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला वळायचं, कारण चार बोटांपेक्षा अंगठा एकटा पडतो, आणि हात नाही तर कंबर ओढायची. दहा आठवड्यांनी भाच्याला बोलावलं. पाचांतून तीनदा सुटलं. मी त्याला आंबा बर्फी दिली.

आता तक्रार. गी वाळत नाही. जून ते सप्टेंबर पुण्यात ते जाडजूड कापड दोन-दोन दिवस ओलं राहतं, कुबट वास मारतं, आणि ओल्या गीत सराव केलात तर नायटा ठरलेला. मला दोनदा झाला. त्वचारोगतज्ज्ञाची फी मी हिशोबात धरलेली नाही, धरायला हवी होती. दुसरं म्हणजे जमीन. मॅटवर पाठीवर पडून लढणं ठीक, पण डांबरावर? समोरच्याचा मित्र शेजारी उभा असेल तर? तुम्ही एकाला पायांनी आवळून धराल आणि दुसरा डोक्यात लाथ घालेल. आमचे कोच स्वतःच सांगतात की बाहेर आधी उठायला शिका.

मध्ये तीन महिने बॉक्सिंगही केलं. चष्म्यामुळे सोडलं, पण नाकावर पहिला ठोसा बसल्यावर जग बुडत नाही हे तिथे कळलं, आणि तीन मिनिटं पाय हलते ठेवणं किती अवघड आहे तेही. हातमोजे न घालता मुठीने कवटीवर मारलंत तर करंगळीखालचं हाड तुमचंच मोडेल, तळहाताने मारा, हे कोचांनी वारंवार सांगितलं. मुलगी तायक्वांदो करते. छान खेळ आहे, लाथा सुंदर. पण चेहऱ्यावर ठोसा मारायला स्पर्धेत बंदी, त्यामुळे पोरं हात खाली सोडून उभी राहतात. मुलगी हे वाचणार आहे, म्हणून एवढंच.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहुण्या गाडीवाल्याशी जागेवरून बोलाचाली झाली. मी किल्ली काढली, त्याने किल्लीसकट माझं मनगट धरलं. खरं धरलं. भाच्यासारखं नाही, बोटं रुतली. मी ओरडले, "हात सोडा!" तेच शिबिरातलं, पोटातून. डावा हात आपोआप उजव्या मुठीवर गेला, पाय मागे आला, हात गोल फिरला आणि सुटला. तीन पावलं मागे, हात चेहऱ्यासमोर. वॉचमन धावत आला तोवर तो माणूस दोन पावलं मागे सरकला होता.

मला मारायचं होतं. खोटं कशाला बोलू? पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ मी वाचून ठेवली होती. जुन्या दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती. बचावाचा हक्क धोका आहे तोवरच, आणि गरजेपुरताच. हात सुटला, तो मागे गेला, आता तळहात मारला असता तर आरोपी मी झाले असते. म्हणून ११२ लावला.

रात्री मनगटावरचे चार निळे डाग बघताना लक्षात आलं. पाय मागे ओढला, हात गोल फिरवला. अरे, ही तर हेआन शोदानची चौथी हालचाल! फक्त दुसरा हात जिउजित्सूचा. हे हेआन काते ओकिनावाचे कराटे-गुरू ईतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या पोरांसाठी बसवले आणि शोतोकानच्या फुनाकोशींनी पुढे जपानभर नेले. शाळेची कवायतच होती ती, मी चुकीचं म्हटलं नव्हतं. पण कवायतीच्या पोटात डाव शिल्लक होता. खोटा होता तो धरणारा हात. कराटेला मी पाचात एक गुण दिला होता, आता तीन देते. परीक्षा फीचा राग कायम आहे, त्यामुळे चार नाही.

हिशोब: कराटे १०,७००, शिबिर ३,५००, जिउजित्सू नऊ महिन्यांचे गीसह ३२,५००, बॉक्सिंग हातमोजे आणि पट्ट्या धरून ८,५५०. एकूण ५५,२५० रुपये. एवढ्यात फ्रीज आला असता असं नवरा म्हणतो. पार्किंगनंतर म्हणालेला नाही. जिउजित्सू चालू ठेवते आहे, फक्त पावसाळ्याचे चार महिने गी सोडून: त्या काळात जाकीट न घालता खेळायची नो-गी बॅच आहे, ती पाचशेने स्वस्तही आहे.

भाच्याने जिम लावलंय. परवा त्याने दोन्ही हातांनी धरलं. पाचांतून एकदाच सुटलं.