छाटलेली फांदी: मातीत लावावी, गुटी बांधावी की कलम भरावं?

छाटणी झाली की अंगणात फांद्यांचा ढीग पडतो आणि हात शिवशिवतात. चार काड्या लावून बघूच! जरूर लावा, पण झाड बघून.

तुती, अंजीर, डाळिंब ही काडीवर येणारी झाडं. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची (कोंब फुटण्याच्या जागांची) पक्की काडी घ्यायची. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही. खर्च जवळपास शून्य. गोव्यात अडचण एकच, पाऊस. मृगात लावलेली काडी बऱ्याचदा मुळं फुटण्याआधीच कुजते. थंडी सरताना सावलीत लावली तर पावसापर्यंत रोप उभं राहतं.

पेरू, लिंबू, जाम यांना मी गुटीच बांधेन, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडेन. तिला पावसाळी दमट हवा मानवते. इंचभर सालीचं वळं काढायचं, आतला बुळबुळीत थर सुरीने खरवडायचा (तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत), ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मात्र गुटी झाडावरच्या फांदीला बांधतात, ढिगातल्या नव्हे. छाटणीत जाणारी फांदी आधीच हेरून ठेवावी लागते. शिवाय काडीच्या रोपासारखंच गुटीच्या रोपालाही सोटमूळ नसतं. वाऱ्याच्या जागी काठीचा आधार हवाच.

आंबा, काजू आणि कोकमाच्या काड्या मातीत खुपसण्यात अर्थ नाही. त्या कलमालाच वापराव्यात, म्हणजे बाठ्याच्या किंवा बियांच्या रोपावर जोडाव्यात. तेही काडी तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून कापली तर. तेवढ्यात शेंड्याचा डोळा फुगतो. दारात एखादाच मानकुराद आंबा हवा असेल तर हा खटाटोप नको, रोपवाटिकेतून कलम आणा.

कोकमाची गोष्ट मात्र वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) खात्रीच्या मादी झाडाचीच काडी घ्यावी, आणि तीही शेंड्याकडची उभी वाढणारी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, पण झाड उंच न जाता जमिनीलगत पसरतं.